आजार कळवणाऱ्या देशाला शिक्षा नको

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात गेल्या आठवड्यात एका वाचकाचं पत्र आलं होतं. कुठल्याही देशात साथ आल्याची बातमी येताच त्या देशाची विमानं त्याच दिवशी बंद करावीत, आंतरराष्ट्रीय करार म्हणजे कागदांची भेंडोळी, ती साथीच्या वेळी कपाटात ठेवावीत, असा त्या पत्राचा सूर होता. पत्रलेखकाची काळजी खरी आहे. मागच्या महासाथीत घरातली माणसं गमावलेल्या कुणालाही असं वाटू शकतं. पण माझी सगळी नोकरी त्याच भेंडोळ्यांत गेली. १९८७ ते २०१६ मी एका आंतरराष्ट्रीय विमानतळावर आरोग्य अधिकारी होते. इमिग्रेशनच्या आधी एक काउंटर लागतं, तिथे पिवळं कार्ड, म्हणजे लसीकरणाचा दाखला, दाखवावं लागतं आणि तिथे थांबायला कुणालाच आवडत नाही. त्या काउंटरच्या मागे मी बसायची. म्हणून हे पत्र. जरा लांबेल, त्याबद्दल आधीच क्षमा मागते.

आधी एक प्रसंग सांगते. करारातलं कलम हाडामांसाच्या माणसाला कसं भेटतं, ते त्यावरून कळेल. नव्वदच्या दशकातली गोष्ट. पहाटे तीनच्या सुमारास एक तरुण शिक्षक माझ्यासमोर उभा राहिला. पश्चिम आफ्रिकेतून, वाटेत एकदा विमान बदलून आलेला. पिवळ्या कार्डावर शिक्का होता, डॉक्टरची सही होती, लसीचा बॅच नंबर होता. पण लस घेऊन आठच दिवस झाले होते. पीतज्वराची, म्हणजे डासांतून पसरणाऱ्या यलो फीवरची, लस टोचल्यावर दहा दिवस पुरे झाल्याशिवाय कार्ड वैध धरत नाहीत, कारण अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला तेवढा अवधी लागतो. तो म्हणाला, “मॅडम, मी आजारी दिसतो का?” नव्हताच दिसत. ताप नव्हता, डोळे पांढरेशुभ्र होते, फक्त झोप झालेली नव्हती.

मी एका फॉर्मची मागची बाजू घेतली आणि त्यावर दोन रेघा ओढल्या. पहिल्या रेघेवर सहा घरं केली. पीतज्वराचा विषाणू अंगात शिरल्यापासून ताप येईपर्यंत जास्तीत जास्त सहा दिवस धरतात, आणि तो बाधित भागातून निघून एक दिवस झाला होता, म्हणजे पाच घरं उरली. दुसऱ्या रेघेवर कार्ड वैध व्हायला उरलेले दोन दिवस. मग त्याला सांगितलं की नियमात ‘यांपैकी जे आधी होईल ते’ असं लिहिलेलं आहे. म्हणजे पाच नाही, दोनच दिवस. त्याचा चेहरा जरा सैल झाला.

आमच्या विलगीकरणाच्या खोलीला कर्मचारी ‘जाळीची खोली’ म्हणत. खिडक्यांना बारीक जाळी, आणि दाराच्या आत दुसरं दार. बाहेरचं दार पूर्ण लागल्याशिवाय आतलं उघडायचं नाही, हा तिथला पहिला नियम. तो शिक्षक जाळीवर बोट फिरवत म्हणाला की मला कैद्यासारखं वाटतंय. मी म्हटलं, ही जाळी डासासाठी आहे. तुमच्या रक्तात विषाणू असेलच तर बाहेरचा डास तुम्हाला चावून तो दुसऱ्या कुणाला देऊ नये, एवढ्यासाठी. तुमच्यापासून मला काहीच धोका नाही, मी इथे तुमच्याशेजारी बसून चहा पिऊ शकते. तिसऱ्या दिवशी सकाळी तपमानाच्या तक्त्यावरचे सगळे आकडे नॉर्मल होते आणि तो आपली बॅग घेऊन बाहेर पडला.

त्या खोलीतली जाळी, ते सहा दिवस, ‘जे आधी होईल ते’ ही सवलत, यातलं काहीच आमच्या कार्यालयाने ठरवलेलं नव्हतं. ती जाळी १९३३ ची आहे.

पत्रलेखकांना हा इतिहास माहीत असता तर त्यांनी भेंडोळी हा शब्द वापरला नसता असं मला वाटतं. १८५१ मध्ये पॅरिसला पहिली आंतरराष्ट्रीय स्वच्छता परिषद भरली. बारा देश, प्रत्येकाचा एक डॉक्टर आणि एक मुत्सद्दी. पटकी, म्हणजे कॉलरा, कशाने पसरते यावरच एकमत नव्हतं, त्यामुळे महिनोन्‌महिने बोलून हाती फारसं काही लागलं नाही. खऱ्या अर्थाने अमलात आलेला पहिला करार व्हायला १८९२ साल उजाडावं लागलं, तोही सुवेझ कालव्यातून जाणाऱ्या बोटींपुरता. या सगळ्या काळात मनात चित्र असायचं ते बोटीचं. बोट हळू चालते. बंदरातून निघताना कुणाच्या अंगात रोग असेल तर वाटेतच तो उफाळून येतो, आणि बोट किनाऱ्याला लागते तेव्हा कप्तानाला ते ठाऊक झालेलं असतं. समुद्र स्वतःच क्वारंटाइनचं काम करत होता म्हणा ना.

विमानाने हे मोडलं. मे १९३० मध्ये झां मेरमोझ या फ्रेंच वैमानिकाने टपालाच्या पिशव्या घेऊन सेनेगलहून ब्राझीलमधल्या नाताळ शहरापर्यंत दक्षिण अटलांटिक ओलांडला, साधारण एकवीस तासांत. पीतज्वराचा ताप यायचा काळ तीन ते सहा दिवसांचा. म्हणजे आफ्रिकेत डास चावलेला माणूस दुसऱ्या दिवशी दुसऱ्या खंडात, हसत-बोलत, ताप नसलेल्या अवस्थेत उतरू शकणार होता. डॉक्टरांच्या पोटात गोळा आला तो यामुळे. त्यातही आशियाची भीती सर्वांत मोठी होती. पीतज्वर पसरवणारा एडिस इजिप्ती डास आशियात आहे, तो चावेल अशी माणसं आहेत, त्यांना या रोगाची प्रतिकारशक्ती नाही, आणि रोग मात्र तिथे कधी पसरलेला नाही. आजवरही पसरलेला नाही. भारताचे पीतज्वराचे नियम इतके कडक का, असं काउंटरवर चिडून विचारणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगत आले.

आणि माणसं सोडा, डासही प्रवास करत होते. त्याच नाताळ शहरात मार्च १९३० मध्ये रेमंड शॅनन या कीटकशास्त्रज्ञाला आफ्रिकेतल्या हिवतापाचा डास, अ‍ॅनोफिलिस गॅम्बी, सापडला. तो डाकारहून टपाल आणणाऱ्या वेगवान बोटींतून आला असावा असं बहुतेकांचं मत आहे. त्या एका आगंतुकामुळे पुढे १९३८ मध्ये ईशान्य ब्राझीलमध्ये हिवतापाची भयंकर साथ आली, हजारो माणसं मेली, आणि फ्रेड सोपर यांच्या पथकांनी डबकं-डबकं शोधून १९४० पर्यंत तो डास तिथून नाहीसा केला. विमानातूनही डास येतात का, हे बघण्यासाठी अमेरिकेत १९३१ मध्ये एक प्रयोग झाला. डासांना रंग लावून ते विमानात सोडले आणि प्रवासाच्या दुसऱ्या टोकाला तेच रंगीत डास पकडले. नोकरीच्या पहिल्या वर्षी हे वाचलं तेव्हापासून विमानाच्या केबिनकडे मी वेगळ्या नजरेने बघायला लागले. सीटच्या पाठीमागचा खिसा, डोक्यावरचा रॅक, टॉयलेटचा कोपरा.

या पार्श्वभूमीवर १२ एप्रिल १९३३ रोजी हेग इथे हवाई वाहतुकीसाठीचा पहिला स्वतंत्र आरोग्य करार झाला. तो १ ऑगस्ट १९३५ पासून अमलात आला. आज तो वाचताना मला सर्वांत भावते ती त्यातली जमिनीवरची नजर. मोठमोठी वचनं नाहीत. आरोग्य-विमानतळावर किमान एक डॉक्टर हवा, तपासणीची जागा हवी, संशयित नमुने प्रयोगशाळेला पाठवायचं साहित्य हवं, रुग्णाला आणि त्याच्या संपर्कातल्या लोकांना वेगळं ठेवायची सोय हवी, पिण्याचं पाणी चांगलं हवं. आणि जिथे पीतज्वर आहे किंवा येऊ शकतो, तिथे एक खास प्रकारचा विमानतळ. इंग्रज-फ्रेंच त्याला ‘अँटी-अमारिल’ म्हणत. अमारिल म्हणजे पीतज्वर, मुळात स्पॅनिशमधल्या पिवळ्या रंगाच्या शब्दावरून आलेला. असा विमानतळ वस्तीपासून लांब हवा, पाण्याच्या साठ्यात डास होता कामा नयेत, आणि कर्मचारी व प्रवासी यांच्या राहण्याच्या जागांना डास शिरणार नाही अशी व्यवस्था हवी. त्या वेळी पीतज्वराची लस सर्रास वापरात नव्हती. मॅक्स टायलर यांची १७-डी लस आली १९३७ मध्ये. सगळ्यांना देता येईल अशी लस हाती नसताना माणसांनी जाळी, अंतर आणि दिवसांची मोजणी एवढ्यावर भिस्त ठेवली. माझ्या खोलीच्या दोन दारांचा पूर्वज हा.

युद्ध चालू असताना, डिसेंबर १९४४ मध्ये, आठ दिवसांच्या अंतराने दोन गोष्टी झाल्या. ७ तारखेला शिकागोमध्ये नागरी विमान वाहतुकीच्या करारावर सह्या झाल्या. त्याच्या चौदाव्या कलमात पटकी, टायफस, देवी, पीतज्वर आणि प्लेग यांचा विमानातून होणारा प्रसार रोखण्याची जबाबदारी देशांनी घेतली. १५ तारखेला वॉशिंग्टनमध्ये १९३३ च्या करारात दुरुस्ती करणारा नवा करार सह्यांसाठी खुला झाला. लसीकरणाच्या दाखल्याचे एकसारखे नमुने त्यात होते. आज आपण ज्याला पिवळं कार्ड म्हणतो त्याचं घराणं तिथून पुढे चालतं.

जागतिक आरोग्य संघटना १९४८ ला आली आणि २५ मे १९५१ रोजी तिने समुद्र, जमीन, हवा यांचे तुकड्या-तुकड्यांतले करार एकत्र करून एकच नियमावली मंजूर केली. ती १ ऑक्टोबर १९५२ ला लागू झाली. सहा रोग: पटकी, प्लेग, देवी, पीतज्वर, टायफस आणि पुनरावर्ती ताप. १९६९ मध्ये तिचं नाव बदलून आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम झालं, शेवटचे दोन रोग गळाले, आणि देवीचं उच्चाटन झाल्यावर १९८१ मध्ये देवीही. उरले तीन.

पण या नियमांचा गाभा रोगांच्या यादीत नव्हता. आता मी मूळ मुद्द्यावर येते.

या नियमांत एक सौदा होता. सौदा हा शब्द मी जाणून वापरते. तुमच्याकडे रोग आला तर तुम्ही लपवायचं नाही, लगेच कळवायचं. त्या बदल्यात इतर देश तुमच्या माणसांवर आणि मालावर नियमात लिहिल्यापेक्षा जास्त बंधनं घालणार नाहीत. नियमात लिहिलेले उपाय हे ‘कमाल’ उपाय आहेत असं स्पष्ट कलम होतं. किमान नव्हे, कमाल. आम्हाला प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी हे शिकवलं गेलं होतं: तुमच्या हातात जो अधिकार आहे तो इथपर्यंतच, त्यापुढे एक पाऊलही नाही. त्या शिक्षकाला दोनऐवजी पाच दिवस ठेवायचा मला हक्क नव्हता. माझ्या मनात शंका असती तरी नव्हता.

सौद्याची पहिली बाजू मोडणारे देश बरेच निघाले. १९७० मध्ये गिनीमध्ये पटकी पसरली, तिथलं सरकार मान्य करेना, शेवटी संघटनेचे महासंचालक मार्कोलिनो कांडाऊ यांनी स्वतःच ती जाहीर केली. याबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. पण सरकारं का लपवतात? दुसरी बाजू मोडणाऱ्यांबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. ती बाजू मी जवळून पाहिली आहे.

सप्टेंबर १९९४. सुरतेत न्यूमोनिक प्लेग. पन्नासच्या वर माणसं गेली, लाखो लोकांनी शहर सोडलं. त्या दिवसांत आम्ही बाहेर जाणाऱ्या प्रवाशांचा ताप आणि खोकला तपासत होतो. दोन-दोन पाळ्या सलग. जागतिक आरोग्य संघटनेने विमानं बंद करायला सांगितलेलं नव्हतं. तरी एकामागून एक देशांनी भारताच्या विमानांना दारं लावली. सुरतेपासून हजार-दीड हजार किलोमीटरवरून निघालेल्या माणसांना परक्या विमानतळावर तासन्‌तास वेगळं बसवलं गेलं. आमच्या बोर्डावरच्या विमानांच्या नावांपुढे एकेक करून ‘रद्द’ लागत होतं आणि समोर रांगेत लोक उभे होते, कुणाची नोकरी रुजू व्हायची तारीख, कुणाचं ऑपरेशन. मी स्वतः त्या ऑक्टोबरात एका प्रशिक्षणाला परदेशी जाणार होते. बॅग भरलेली होती. निघायच्या तीन दिवस आधी फॅक्स आला की तुमच्या देशातून कुणी येऊ नये. प्रशिक्षणाचा विषय होता विमानतळावरचं साथनियंत्रण. तो फॅक्स वाचून मला रडू आलं, हे मी आज लिहू शकते. मी प्लेगच्या कामातच होते, मला नियम तोंडपाठ होते, प्लेगच्या सहा दिवसांचा हिशेब मी कुणालाही करून दाखवला असता. तो हिशेब कुणाला नकोच होता.

भारताच्या नुकसानीचे अंदाज २०० कोटी डॉलरपर्यंत गेले. तीनेक वर्षं आधी पेरूने पटकी कळवली तेव्हा त्याचीही मासळीची निर्यात अशीच कोसळली होती. आता विचार करा, या दोन गोष्टी पाहिलेल्या एखाद्या तिसऱ्या देशाच्या आरोग्य मंत्र्यापुढे नव्या रोगाची फाइल येते. तो काय करेल?

पुढच्याच वर्षी, १९९५ मध्ये, जागतिक आरोग्य सभेने नियम नव्याने लिहायचा ठराव केला. सुरत हे त्याचं एक मोठं कारण होतं. पण काम रेंगाळलं, आणि २००३ मध्ये सार्स हा श्वसनाचा नवा आजार आला. तो तीन रोगांच्या यादीत नव्हता, त्यामुळे चीनवर तो कळवायचं कायदेशीर बंधनच नव्हतं. नोव्हेंबर २००२ मध्ये ग्वांगडोंग प्रांतात सुरू झालेला आजार जगाला फेब्रुवारीत कळला. १५ मार्चला हाँगकाँगहून बीजिंगला गेलेल्या एका विमानात एक आजारी गृहस्थ होते. तीन तासांचा प्रवास, विमानात १२० माणसं. त्यांतल्या बावीस जणांना पुढे लागण झाल्याचं दिसलं, काही तर त्यांच्यापासून कितीतरी रांगा लांब बसलेले. तोवर आम्ही दोन रांगा पुढे आणि दोन रांगा मागे एवढाच विचार करत होतो.

पण सार्स म्हटलं की मला त्या विमानाआधी कार्लो उर्बानी आठवतात. हनोईमध्ये जागतिक आरोग्य संघटनेचे डॉक्टर. हा आजार काहीतरी वेगळा आहे हे त्यांनी ओळखलं, वरिष्ठांना कळवलं, रुग्णालयात रुग्णांमध्ये उभे राहून काम केलं. ११ मार्चला ते विमानाने बँकॉकला निघाले आणि वाटेत त्यांना ताप भरला. विमानतळावर घ्यायला आलेल्या सहकाऱ्याला त्यांनी जवळ येऊ दिलं नाही. दोघं अंतर ठेवून बसले आणि संरक्षक पोशाख घातलेल्या माणसांसह अँब्युलन्स येईपर्यंत थांबले. २९ मार्चला ते गेले. आगमन कक्षाच्या त्या दोन खुर्च्या माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत. अंगात ताप असताना, स्वतःला काय झालंय हे पुरतं कळत असताना, समोरच्याला लांब राहा म्हणणं. विमानप्रवासाच्या आरोग्यनियमांचं सगळं सार त्या कृतीत आहे, आणि ते त्यांना कुठल्याही कलमाने सांगितलं नव्हतं.

२३ मे २००५ ला नवे नियम मंजूर झाले आणि १५ जून २००७ पासून लागू झाले. १९६ देश त्यांना बांधील झाले. रोगांच्या छोट्या यादीवर सगळं टांगून ठेवणं बंद झालं. जगाला धोका ठरू शकेल अशी कुठलीही घटना तपासून २४ तासांत कळवायची. सरकार गप्प बसलं तरी संघटना इतर बातम्यांवरून विचारणा करू शकते. विमानाच्या जनरल डिक्लरेशन या माहितीपत्रकातला, म्हणजे आमच्या भाषेत जी.डी.मधला, आरोग्याचा भागही नीट बांधला गेला: ३८ अंश किंवा त्याहून जास्त ताप, आणि त्याच्या जोडीला सततचा खोकला, श्वासाला त्रास, पुरळ, थांबत नसलेल्या उलट्या-जुलाब, मार न लागता रक्तस्राव, अचानक आलेला गोंधळलेपणा. असं कुणी विमानात असेल तर वैमानिकाने उतरण्याआधी कळवायचं. त्याच कागदावर विमानातल्या डासनाशक फवारणीची नोंद. फवारणीचे वापरलेले रिकामे डबे कर्मचारी आम्हाला दाखवत आणि डब्यांवरचे नंबर आम्ही जी.डी.वरच्या नंबरांशी ताडून पाहत असू. कंटाळवाणं काम. पण पॅरिसच्या रोआसी विमानतळाच्या परिसरात १९९४ च्या कडक उन्हाळ्यात, आफ्रिकेत कधीही न गेलेल्या माणसांना हिवताप झाला होता, विमानातून आलेल्या डासांमुळे. ते माहीत असलं की नंबर ताडायचा कंटाळा येत नाही.

आणि २००५ च्या नियमांत त्रेचाळिसावं कलम आहे. पत्रलेखकांनी ते जरूर वाचावं. एखाद्या देशाला शिफारशीपेक्षा कडक उपाय करायचे असतील तर त्याला मनाई नाही. पण त्याला शास्त्रीय आधार हवा, आणि प्रवाशांना प्रवेश नाकारायचा किंवा २४ तासांपेक्षा जास्त अडवायचं असेल तर ४८ तासांच्या आत संघटनेला कारणांसह कळवायला हवं. जुन्या ‘कमाल’ची ही जरा ढिली झालेली आवृत्ती आहे. मोडलं तर दंड नाही, आणि त्यामुळे ते सर्रास मोडलं जातं.

ताजं उदाहरण घेऊ. २४ नोव्हेंबर २०२१ ला दक्षिण आफ्रिकेने कोरोनाच्या एका नव्या प्रकाराची माहिती जागतिक आरोग्य संघटनेला दिली. त्यांच्या प्रयोगशाळा चांगल्या होत्या, शास्त्रज्ञ जागे होते, आणि त्यांनी एक दिवसही दडवलं नाही. दोन दिवसांत त्याला ओमायक्रॉन हे नाव मिळालं, आणि जवळजवळ त्याच वेळी दक्षिणेकडच्या आफ्रिकी देशांची विमानं देशोदेशींनी बंद केली. मग काही दिवसांनी नेदरलँड्सच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेने सांगितलं की त्यांच्याकडच्या १९ आणि २३ नोव्हेंबरच्या नमुन्यांतही ओमायक्रॉन सापडला आहे. म्हणजे दारं लावली तेव्हा पाहुणा आधीच घरात येऊन बसला होता. तोवर मी निवृत्त झाले होते, घरी बातम्या बघत होते, आणि मला १९९४ चा तो फॅक्स जसाच्या तसा आठवला.

बंदी कधीच उपयोगाची नसते असं मी म्हणणार नाही, ते खोटं ठरेल. १९१८ च्या इन्फ्लूएन्झात अमेरिकन सामोआने बोटी अडवल्या आणि तिथे त्या साथीत मृत्यू झाले नाहीत. शेजारच्या पश्चिम सामोआने एक बोट येऊ दिली आणि सुमारे पाचवा हिस्सा लोकसंख्या गेली. लहान बेट, मोजकी बंदरं, वेळेत घेतलेला निर्णय. असं जमून येतं तेव्हा दार लावणं हाच उपाय. पण एका देशाच्या विमानांना बंदी आणि तिथलेच प्रवासी तिसऱ्या देशातून तिकीट बदलून येत आहेत, हे दार लावणं नव्हे. आमच्या काउंटरवरून सांगते, थेट विमान बंद झालं की आमच्या हातातली माहिती कमी होते. थेट विमानाची प्रवासी यादी मिळते, सीट नंबर मिळतो, वैमानिकाचा निरोप मिळतो. दोन ठिकाणी विमान बदलून आलेला माणूस आम्हाला फक्त शेवटच्या गावाहून आलेला दिसतो, आणि आधी कुठे होतात असं विचारलं की भीतीने तो खरं सांगत नाही. देशांचं जे होतं तेच माणसांचं. शिक्षा होणार असं दिसलं की गप्प बसतात.

१ जून २०२४ ला या नियमांत पुन्हा दुरुस्त्या मंजूर झाल्या आणि १९ सप्टेंबर २०२५ पासून त्या लागू झाल्या. काही देशांनी त्या नाकारल्या आहेत. ‘महासाथ आणीबाणी’ अशी नवी पायरी आली, नियमांच्या अंमलबजावणीवर देशांची समिती आली. या चांगल्या गोष्टी आहेत. पण लवकर आणि खरं कळवणाऱ्या देशाचं नुकसान कोण भरून देणार, हा प्रश्न अजून तसाच उभा आहे. मला वाटतं, साथ कळवणाऱ्या देशाला पहिल्या आठवड्यातच पैसा, लस आणि प्रयोगशाळेची मदत मिळेल असा ठाम बंदोबस्त हवा, आणि त्रेचाळिसावं कलम मोडून विमानं अडवणाऱ्या देशांना जाहीरपणे जाब विचारला गेला पाहिजे. हे होत नाही तोवर पुढच्या वेळी कुणीतरी दोन महिने गप्प बसेल, आणि त्याला आपणच ते शिकवलेलं असेल.

आपल्या दैनिकाकडेही एक मागणं आहे. पुढच्या साथीच्या वेळी ‘अमुक देशाची विमानं बंद’ अशी बातमी द्याल, तेव्हा तीन गोष्टी तिच्याबरोबर छापाव्यात: त्या देशाने आजार कोणत्या तारखेला कळवला, जागतिक आरोग्य संघटनेने प्रवासाबद्दल नेमकं काय सांगितलं, आणि विमानं बंद करणाऱ्या देशाने ४८ तासांत कारणं कळवली की नाही. या माहितीतली बरीचशी जाहीर असते, मागितली की मिळते. वाचकांना एवढं कळलं तर पुष्कळ होईल.

त्रेचाळिसाव्या कलमाचं मराठी भाषांतर मी करून ठेवलं आहे. हाताने लिहिलेली दोन पानं आहेत. छापायला जागा असेल तर कळवावं, मी टपालाने पाठवते. गेल्या आठवड्यातल्या पत्रलेखकांनाही त्याची एक प्रत द्यावी अशी विनंती.

आपली,
एक निवृत्त विमानतळ आरोग्य अधिकारी